फोंड्यातील 1964 ची फेंडर जॅग्वार: कोणते फेरफार काढावेत, कोणते ठेवावेत

जुनी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीला आली की तिच्याबरोबर बहुधा एकच मागणी येते: वाद्य मूळ स्थितीत आणून द्या. मागणी रास्त आहे, कारण मूळ सुटे भाग शाबूत असलेल्या वाद्याला बाजारात अधिक किंमत येते आणि जाणकारांत मानही मिळतो. गोव्यातील फोंड्याहून आलेल्या एका फेंडर जॅग्वारच्या बाबतीत मात्र ही मागणी जशीच्या तशी पुरी केली असती, तर वाजवणाऱ्याच्या जिवाला असलेला एक जुना धोका आम्ही स्वतःच्या हातांनी परत जोडून दिला असता. म्हणून या गिटारवरील प्रत्येक फेरफार पाहताना आम्ही एकच कसोटी धरून चाललो: तो कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून केला गेला होता आणि ती अडचण आज उरली आहे का?

गिटार ज्यांनी आणली त्यांचे सासरे 1970 च्या दशकात लग्नसमारंभांतून आणि ऑर्केस्ट्रातून वाजवत असत. बोटीवर काम करणाऱ्या एका तारवटीने ती परदेशातून मुरगाव बंदरात आणली आणि त्याच्याकडून त्यांनी ती विकत घेतली, असे घरात सांगितले जाते. सासरे गेल्यानंतर ती बरीच वर्षे कपाटावर होती. आता नातवाला ती वाजवायची आहे. बाईंनी तक्रार नेमक्या शब्दांत सांगितली: "काका, तारांवर हात ठेवला तरी गुणगुण थांबत नाही, आणि दांडी दाबली की सूर परत जागेवर येत नाही. बाकी मधे कोणी काय काय बसवलंय, ते सगळं काढून टाका."

वय ठरवणे अवघड गेले नाही. मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढून नेक (गिटारची मान) सोडवला, तेव्हा त्याच्या टाचेवर ऑगस्ट 1964 चा शाईचा शिक्का आणि बी हे अक्षर स्पष्ट दिसले. नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या नटजवळची रुंदी हे अक्षर सांगते. बी म्हणजे 1 5/8 इंच, सुमारे 41 मिलिमीटर. पट्टीवरचा क्रमांक एल अक्षराने सुरू होत होता आणि टोनच्या पोटेन्शिओमीटरवर (बटण फिरवले की रोध बदलणारा भाग) 3046422 असे कोरलेले होते. यातले 304 हे स्टॅकपोल कंपनीचे सांकेतिक अंक, त्यापुढचे 64 हे साल आणि 22 हा आठवडा. तीनही खुणा परस्परांशी जुळतात. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी ताब्यात घेतली, त्याच्या काही महिने आधीची ही गिटार आहे आणि त्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे.

जॅग्वार हे मॉडेल 1962 मध्ये आले आणि 1975 मध्ये बंद झाले. फेंडरच्या गिटारींमध्ये हार्डवेअरच्या बाबतीत याहून गजबजलेली गिटार शोधून सापडणार नाही. वरच्या शिंगाजवळच्या क्रोमच्या पट्टीवर एक सरकता स्विच आणि दोन अर्धी बुडलेली चाके असतात. तो स्विच सरकवला की फक्त नेकजवळचा पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) चालू राहतो आणि त्याचा आवाज व टोन त्या चाकांवरून आधीच ठरवून ठेवता येतो. खालच्या पट्टीवर आणखी तीन सरकते स्विच असतात: दोन पिकअपांचे एकेक आणि तिसरा खर्ज कापणारा. पिकअपांच्या कडेला करवतीसारखे दात असलेले धातूचे पंजे असतात. तारांना खालच्या टोकाशी आधार देणाऱ्या ब्रिजखाली स्प्रिंगवर बसवलेली एक पट्टी असते. तिची एक बाजू दाबली की फोमचा थर तारांना खालून टेकतो आणि स्वर आखूड, दबका होतो, तर दुसरी बाजू दाबली की तारा मोकळ्या होतात. ट्रेमोलोच्या, म्हणजे दांडी दाबून सूर खालीवर करण्याच्या यंत्रणेच्या, थाळीवर एक छोटे सरकते बटण असते. ते नीट जुळवलेले असेल तर एखादी तार तुटली तरी ट्रेमोलो जागीच अडकवून बाकीच्या तारा सुरात ठेवता येतात.

या प्रकरणात सर्वात महत्त्वाचा भाग मात्र ब्रिजचा आहे. जॅग्वारचा ब्रिज लाकडात स्क्रूने आवळलेला नसतो. त्याचे दोन पाय धातूच्या दोन वाट्यांत उभे असतात, प्रत्येक पायात एक टोकदार स्क्रू असतो आणि त्या दोन टोकांवर अख्खा ब्रिज पुढेमागे डुलतो. दांडी दाबली की तारांबरोबर ब्रिज झुकतो आणि सोडली की परत येतो. तारा सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर एकेक तार टेकते त्या लहान तुकड्यांवर, घासत नाहीत. रचना सुंदर आहे, पण ती एका गृहीतावर उभी आहे: ब्रिजवर खाली पुरेसा दाब हवा. 1962 मध्ये तो दाब जाड, सपाट गुंडाळणीच्या तारांमुळे आपोआप मिळत असे. पुढे बारीक तारांची चाल आली आणि जॅग्वारची दुखणी तिथून सुरू झाली.

थोडे गणित येथे उपयोगी पडते. जॅग्वारची तारेची लांबी 24 इंच, फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरची (स्ट्रॅटची) साडेपंचवीस. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जॅग्वारवर तो सुमारे 11 टक्क्यांनी कमी भरतो. 010 ची, म्हणजे 0.010 इंच जाडीची, पहिली तार स्ट्रॅटवर सव्वासात किलोंच्या वर ताणलेली असते, ती इथे साडेसहांच्या आसपास येते. त्यात जॅग्वारचा ट्रेमोलो ब्रिजपासून बराच मागे असल्याने तारा ब्रिजवरून फारशा न वाकता मागे जातात. ताण कमी आणि कोनही कमी, म्हणून सॅडलवरचा दाब कमी. तारा खरखरतात आणि जोरात वाजवले तर सॅडलच्या खोबणीतून उडतात.

या गिटारवर ही अडचण आली होती, याचे पुरावे जागोजागी होते. केसच्या कप्प्यात 009 च्या तारांची रिकामी पाकिटे होती. ट्रेमोलोच्या थाळीवर, ब्रिजच्या बाजूला, पितळेची एक आडवी कांब बसवलेली होती. तारा तिच्याखालून जात आणि त्यामुळे ब्रिजवरून खाली ओढल्या जात. आज या कामासाठी तयार पट्ट्या मिळतात. त्या काळी हे काम इथल्याच कोणा कारागिराने डोके लढवून केले होते. त्या कारागिराबद्दल आदर वाटावा अशी एक गोष्ट जवळून पाहिल्यावर कळली. कांब बसवण्यासाठी त्याने लाकडात एकही नवे छिद्र पाडले नव्हते. थाळीचे पुढचे दोन मूळ स्क्रू काढून त्याच छिद्रांत तेवढ्याच जाडीचे, थोडे लांब स्क्रू घातले होते आणि मूळ दोन स्क्रू दोऱ्याने बांधून कप्प्यात ठेवून दिले होते.

ब्रिजचे पायही वाट्यांत डुलत नव्हते. ते उचलून पाहिले तेव्हा दोन्ही पायांभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली निघाली. ती डब्याच्या पत्र्याची होती, कारण आतल्या बाजूला हिरव्या छपाईची एक कड अजून शिल्लक होती. कांब घातल्यावर तारांच्या ओढीने ब्रिज पुढे कलत असावा म्हणून तो असा पक्का केला होता. आता डुलणारा ब्रिज पक्का झाला आणि तारा कांबीखाली अडकल्या, म्हणजे दांडी दाबल्यावर तारेला दोन ठिकाणी घासत जावे लागणार आणि परत येताना ती मध्येच अडणार. सूर जागेवर येत नाही, या तक्रारीचे मूळ इथे होते.

कांब आणि पत्रा काढून टाकले की काम झाले, असे मानणे सोपे होते. पण मग पुन्हा तारा उडू लागल्या असत्या. नेकच्या खाचेत भिंगाने पाहिल्यावर खरी सुरुवात सापडली. खाचेच्या तळाशी, पिकअपच्या बाजूला, रंगाचा एक फिकट आयताकृती ठसा होता. फेंडरच्या कारखान्यात नेकचा कोन जुळवण्यासाठी खाचेत पातळ चकती घालण्याची पद्धत होती. तशी चकती इथे अनेक वर्षे बसलेली होती आणि नंतर कोणीतरी ती काढली होती. चकती गेल्यावर नेक सपाट बसला, तारांची उंची वाढली, ती कमी करण्यासाठी ब्रिज खाली घेतला गेला, ब्रिज खाली गेल्यामुळे मागचा कोन आणखी कमी झाला, वर बारीक तारा आल्या, आणि मग कांबीची गरज पडली. म्हणजे कांब हा एका आधीच्या फेरफाराचा परिणाम होता आणि तो आधीचा फेरफार डोळ्यांना दिसतच नव्हता.

उपाय यातूनच ठरला. सागवानाच्या पातळ पापुद्र्यापासून एका टोकाला 0.65 मिलिमीटर जाड आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर उतरणारी पाचर घासून तयार केली आणि ती खाचेच्या पूर्ण लांबीत बसवली. खाच सुमारे 76 मिलिमीटर लांब असल्याने हा कोन अर्धा अंश भरतो. नेक अर्धा अंश मागे झुकला की ब्रिज जवळजवळ 2 मिलिमीटर वर उचलता येतो, कारण ब्रिज खाचेच्या कडेपासून खाचेच्या लांबीच्या साधारण तिप्पट अंतरावर आहे. दोन मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण मुळात लहान असलेल्या कोनात त्यांनी सुमारे एका अंशाची भर पडते आणि हातांना फरक लगेच जाणवतो. वर 012 पासून सुरू होणारा तारांचा संच चढवला. नातवाला जाड तारांची भीती वाटत होती. त्याला हिशेब दाखवला की आखूड लांबीमुळे जॅग्वारवरची 012 ही स्ट्रॅटवरच्या साधारण सव्वाअकरा हजारांश इंचाच्या तारेइतकीच घट्ट लागते. कांब आणि पत्रा दोन्ही काढले. ब्रिज पुन्हा डुलू लागला.

ब्रिजचे काम मात्र चिकाटीचे होते. प्रत्येक सॅडलखाली उंचीचे दोन बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतात आणि गोव्याच्या दमट, खारट हवेत वर्षानुवर्षे घामाचे थेंब पडून ते सॅडलशी एकजीव झाले होते. पावसाळ्यात इथे हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते आणि केस बंद असेल तर आतली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही. हे स्क्रू इंची मापाचे आहेत. त्यांना 0.050 इंचाची, म्हणजे 1.27 मिलिमीटरची षटकोनी किल्ली लागते. दीड मिलिमीटरची किल्ली आत जात नाही, त्याहून लहान मेट्रिक किल्ली सैल बसते आणि स्क्रूच्या आतली कड गोल करून टाकते. तारा उतरवल्या की जॅग्वारचा ब्रिज नुसता वर उचलून घेता येतो, हा इथे मोठा फायदा ठरला, कारण गंज सोडवणारे तेल नायट्रोसेल्युलोजच्या पॉलिशजवळही जाऊ द्यावे लागले नाही. तेलात रात्रभर ठेवून, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने एकेका स्क्रूला ऊब देऊन, अर्धा वळसा पुढे आणि अर्धा मागे करत ते सोडवले. उंची ठरल्यावर प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब दिला, कारण वाजवताना होणाऱ्या थरथरीने हे स्क्रू हळूहळू फिरतात आणि सॅडल खाली बसते. जॅग्वारच्या वादकांची ही नेहमीची तक्रार आहे.

आता गुणगुण. सामान्यतः गिटारच्या तारा ब्रिजमार्फत आतल्या एका वायरने अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून तारांना हात लागला की गुणगुण कमी होते. इथे ती होत नव्हती, याचा अर्थ ही वायर कुठेतरी तुटलेली असणार, असा आमचा पहिला कयास होता. आतले पितळेचे पन्हळ बाहेर काढले (ते कळकून हिरवे पडले होते) तेव्हा वायर दिसली. ती तुटलेली नव्हती, कापलेली होती. कटरचा काप तिरका आणि स्वच्छ होता, दोन्ही टोकांवर सुती नळी चढवून दोऱ्याचे वेढे दिले होते आणि पुन्हा जोडता यावे इतकी लांबी दोन्हीकडे राखली होती. ज्याने पितळेची कांब बसवताना मूळ स्क्रू जपून ठेवले, त्याचाच हा हात असावा असे काम पाहून वाटते.

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. तेव्हाचे ॲम्प्लिफायर बहुतेक दोन पिनांच्या प्लगचे असत. अनेक जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये विजेच्या तारेपासून चेसिसपर्यंत (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर जोडलेला असे. प्लग उलटा बसला किंवा तो कपॅसिटर निकामी झाला की चेसिस आणि तिच्याशी जोडलेल्या गिटारच्या तारा, दोन्ही थेट विजेशी जोडल्या जातात. मांडवात तात्पुरते कनेक्शन, अर्थिंगचा पत्ता नाही, पायाखाली ओली माती आणि समोर दुसऱ्याच ॲम्पवर चालणारा मायक्रोफोन. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा स्थितीत 230 व्होल्ट अंगातून जाऊ शकतात. शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला तर दीडशे मिलिॲम्पियर विद्युतप्रवाह भरतो आणि तो हृदय बंद पाडायला पुरेसा असतो. वायर कापणाऱ्याने गुणगुण पत्करली आणि वादकाचा जीव राखला.

ही अडचण आज संपलेली नाही. नातू ज्या ठिकाणी वाजवणार आहे तिथल्या मांडवांतली वायरिंग कशी असते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून वायर सरळ जोडून देणे आम्ही नाकारले. तिच्या मध्ये 220 किलोओहमचा रोध बसवला. तो 110 किलोओहमचे दोन अर्ध्या वॉटचे रोध एकापुढे एक जोडून केला, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा आड राहील. त्याच्या समांतर, थेट विजेच्या कामासाठी प्रमाणित असलेला वाय-वर्गाचा 0.001 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. 230 व्होल्ट आले तरी या जोडणीतून एका मिलिॲम्पियरच्या जरा वर विद्युतप्रवाह जाईल. झिणझिण्या येतील, पण हात सुटेल. गुणगुण शरीरातून अर्थकडे नेण्याच्या कामात मात्र या रोधाने फारसा अडथळा येत नाही, कारण शरीरावर गोळा होणारी गुणगुण अतिशय कमी विद्युतप्रवाहाची असते. जोडणीनंतर तारांपासून जॅकच्या बाहेरच्या कडेपर्यंत मल्टिमीटर लावला, तेव्हा 220 किलोओहमच भरले, म्हणजे तारा आत कुठे चोरवाटेने अर्थला टेकलेल्या नाहीत.

येथे एक गोष्ट बाईंना आणि नातवाला ठासून सांगितली. जॅग्वारच्या क्रोमच्या पट्ट्या अर्थला जोडलेल्याच आहेत आणि त्या तशाच ठेवाव्या लागतात, नाहीतर स्विचजवळ हात नेताच गुणगुण वाढते. त्यामुळे आमच्या जोडणीने तारांपुरते संरक्षण मिळते, पट्ट्यांपुरते नाही. खरे संरक्षण तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पियर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी ब्रेकर यांचेच असते. असा ब्रेकर बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड त्यांनी घेतला आणि कार्यक्रमाला जाताना तो बरोबर न्यायचे ठरले.

उरलेले फेरफार त्या मानाने सोपे होते. व्हॉल्यूमचा मूळ 1 मेगओहमचा पोटेन्शिओमीटर जाऊन तिथे रेडिओतला अर्ध्या मेगचा बसला होता; परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त असलेल्या त्या काळात दुसरा पर्याय नव्हता. त्यामुळे जॅग्वारची ओळख असलेली तार सप्तकाची चमक मंदावली होती. योग्य मापाचा भाग आज मिळतो, म्हणून तो बदलला. खर्ज कापणाऱ्या स्विचवर मूळ 0.003 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो; इथे त्याच्या जागी व्हॉल्व्ह रेडिओत असे तो मोहरीच्या रंगाचा 0.0047 चा कपॅसिटर होता. किंमत वाढली की खर्ज कमी कापला जातो आणि आवाज फार पातळ होत नाही. ही निवड सोयीपेक्षा कानाने केलेली वाटते. नातवाने दोन्ही लावून ऐकले आणि जुनाच पसंत केला. तो ठेवला.

ब्रिजखालच्या मूळ फोमचे अशा गिटारवर चिकट चुऱ्यात रूपांतर झालेले असते. इथे त्याजागी पेटीत स्वरपट्ट्यांखाली घालतात तसली तांबडी बनात दुमडून, कडा शिवून लावलेली होती. तिने तारा फोमपेक्षा मऊ दबतात आणि ती पॉलिशला चिकटत नाही. आमच्या मते ही कारखान्यापेक्षा सरस सुधारणा आहे. तीही ठेवली.

फेरफार म्हणजे नासधूस, असे सरसकट मानणाऱ्यांना जुन्या गिटारींचा इतिहास दुजोरा देत नाही. स्ट्रॅटोकास्टरचा स्विच 1977 पर्यंत तीन ठाण्यांचा होता. वादक तो दोन ठाण्यांच्या मध्ये अलगद अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत आणि शेवटी कंपनीनेच पाच ठाण्यांचा स्विच दिला. बिग्सबी ट्रेमोलोसह विकल्या गेलेल्या काही गिब्सन ईएस-335 वर मूळ टेलपीससाठी पाडलेली छिद्रे झाकायला कंपनी स्वतः 'कस्टम मेड' अशी अक्षरे कोरलेली छोटी पट्टी लावी. निर्वाणा या रॉक बँडच्या कर्ट कोबेनची 1965 ची जॅग्वार त्याच्या हाती आली तेव्हाच तिच्यात डिमार्झिओ कंपनीचे हंबकर (दोन वेटोळ्यांचे, गुणगुण कमी करणारे पिकअप) बसलेले होते आणि 2011 मध्ये फेंडरने त्या बदललेल्या रूपाचीच आवृत्ती काढली. फोंड्याच्या गिटारवरची बनात आणि मोहरीच्या रंगाचा कपॅसिटर याच ओळीत बसतात. लाकडात नवी छिद्रे पाडणे, खाच वाढवणे, मूळ पॉलिश घासून काढणे यांना मात्र आमचा विरोध आहे, कारण ते परत फिरवता येत नाही.

काढलेली कांब, पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि अर्ध्या मेगचा पोटेन्शिओमीटर प्रत्येकी वेगळ्या पुडीत घालून, कोणता भाग कुठून काढला हे लिहून केसच्या कप्प्यात ठेवले आहे. थाळीचे मूळ दोन स्क्रू त्यांच्या जागी परत गेले आहेत. ट्रेमोलोच्या स्प्रिंगचा ताण असा जुळवला आहे की तारा सुरात असताना बटण अडखळल्याशिवाय सरकते. दांडी पूर्ण दाबून सोडली की सूर परत येतो. तिसऱ्या तारेत क्वचित किंचित फरक राहतो आणि तो नटच्या खोबणीचा आहे, ती पुढच्या तारा बदलताना पाहायची आहे.

एक काम मुद्दाम केले नाही. कासवाच्या पाठीसारख्या नक्षीची सेल्युलॉइडची पुढची पट्टी आकसली आहे आणि वरच्या शिंगाजवळच्या स्क्रूपाशी तिला तडा गेला आहे. नवी पट्टी मिळते, पण मूळ पट्टी या गिटारच्या वयाची साक्ष आहे. म्हणून फक्त तो स्क्रू सैल केला आणि पट्टीला आकसायला वाव दिला. जुन्या सेल्युलॉइडमधून निघणारी आम्लधर्मी वाफ बंद केसमध्ये कोंडली की आतला धातू खाते, त्यामुळे पावसाळ्यात केस आठवड्यातून एकदा उघडी ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला सुकवून घ्याव्यात, असे बाईंना लिहून दिले आहे.